एका ग्रॅमचे पंधरा गुंठे

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या उत्तरेस शहादा आणि दक्षिणेस नवापूर असे दोन तालुके आहेत, आणि ज्याने हिवाळ्याच्या तोंडी दोहोंचा मुलूख पाहिला असेल त्याला हे दोन प्रदेश एकाच जिल्ह्याच्या जमाबंदीत कसे येऊन बसले, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. शहाद्याकडे काळी, सपाट, पाटपाण्याची जमीन. ऊस, केळी, पपई, आणि पुरुषोत्तमनगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या दिशेने जाणाऱ्या उसाच्या गाड्या. नवापूरकडे रंगावलीच्या काठचा डोंगराळ, पावसाळी भाग. भाताची खाचरे, आणि हंगाम उरकला की गिरणीच्या मागल्या अंगास साचत जाणारे तुसाचे पिवळसर ढीग. साखर पोत्यांत भरून बाजारात जाते, तूस भट्टीत नाहीतर उकिरड्यावर जाते, आणि या दोन जिनसांचा एकमेकींशी संबंध येण्याचे सकृद्दर्शनी काहीच कारण दिसत नाही. परंतु रसायनशास्त्राच्या एका शाखेत गेली पंचवीसेक वर्षे नेमक्या याच दोन द्रव्यांची, म्हणजे साखरेची आणि जी तुसातही दडलेली असते त्या सिलिकेची, गाठ घालून असा एक कोळसा तयार केला जात आहे की ज्याच्या आतील पोकळीचे माप कोळसा होण्याच्या आधीच ठरवून ठेवता येते.

लाकूड, करवंटी किंवा दुसरा कोणताही वनस्पतिजन्य पदार्थ हवेच्या टंचाईत तापवला म्हणजे त्यातील पाणी, वायू आणि डांबर निघून जाऊन कार्बनाचा एक काळा सांगाडा मागे उरतो. या सांगाड्याचा जळण्याचा गुण लोहारापासून गृहिणीपर्यंत सर्वांस परिचित आहे. पण त्याचा दुसरा गुण, ज्यावर आज मोठमोठे कारखाने चालतात, तो जळण्याचा नसून धरून ठेवण्याचा आहे. कोळशाच्या आत अगणित सूक्ष्म छिद्रे असतात, त्या छिद्रांच्या भिंतींना वायूंचे, रंगांचे, दुर्गंधांचे रेणू दुर्बल आकर्षणाने चिकटतात, आणि म्हणून एखादा कोळसा किती धरील हे त्याच्या वजनावर नव्हे, तर त्या भिंतींच्या एकूण क्षेत्रफळावर अवलंबून राहते. हे क्षेत्रफळ सामान्य कल्पनेच्या पलीकडचे असते. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर भुकटीत, सुमारे एक हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो; गुंठा १०१ चौरस मीटरांचा धरला तर ही जवळजवळ दहा गुंठे जमीन झाली, आणि तिचा सातबारा कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात सापडायचा नाही.

या गुणाची मोठी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि त्यानंतर श्वासनलिका वाचवण्याकरिता जे मुखवटे आले त्यांत करवंटीच्या कोळशाला मानाचे स्थान मिळाले. त्याच्याही शंभर वर्षे आधी युरोपातील साखरेचे कारखानदार रसाचा तांबूस रंग काढण्यासाठी हाडांचा कोळसा वापरू लागले होते. आणि परदेशी शुभ्र साखर हाडांतून गाळून येते हे कळल्यावर आपल्याकडे स्वदेशीच्या दिवसांत केवढा क्षोभ उसळला, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या वाचकांस सांगायला नको. धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तर हाडाच्या कोळशाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. त्यात कार्बन जेमतेम दहा टक्के असतो. बाकीचा सारा भाग कॅल्शियम फॉस्फेटाचा, आणि त्या खनिजाच्या सांगाड्यावर कार्बनाचा पातळ थर पसरलेला. निसर्गाने एक आधार उभारला, कार्बनाने त्याचा आकार घेतला. तो आधार जर काढून टाकता आला, तर मागे उरणाऱ्या कार्बनात त्या आधाराच्या आकाराची पोकळी राहील, ही कल्पना येथे आयतीच समोर ठेवलेली होती. ती हाती धरायला मात्र रसायनशास्त्रज्ञांना विसावे शतक बरेचसे संपवावे लागले.

दरम्यान छिद्रे पाडण्याची जी रूढ रीत होती ती जाळून पोखरण्याची. कोळसा आठशे ते हजार अंशांपर्यंत तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडायची, किंवा त्यात पोटॅशसारखा तीव्र क्षार मिसळून पुन्हा भाजायचा, म्हणजे वाफ किंवा क्षार कार्बनाचा काही अंश खाऊन टाकतो आणि ठिकठिकाणी भगदाडे पडतात. रीत स्वस्त आहे, खात्रीची आहे, आणि जगातील बहुतेक सर्व सक्रिय कोळसा आजही तिनेच निघतो. पण कोठे किती रुंद छिद्र पडावे यावर तिचा अंमल फारसा चालत नाही. शास्त्रज्ञ दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांना सूक्ष्म, दोन ते पन्नासपर्यंतच्यांना मध्यम आणि त्यापुढच्यांना स्थूल म्हणतात. एका मिलिमीटरात दहा लक्ष नॅनोमीटर बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्गवारीतील ‘स्थूल’ शब्दाचे हसू येते. पोखरलेल्या कोळशात बहुतांश छिद्रे सूक्ष्म वर्गातील, वाकडीतिकडी आणि पुष्कळदा आतल्या आत बंद झालेली असतात. लहान वायुरेणूंना ती पुरतात. परंतु एखाद्या मोठ्या रंगद्रव्याचा रेणू दारातच अडकतो, आणि विजेच्या उपकरणांत ज्यांना चटकन आत जाऊन चटकन बाहेर यायचे असते त्या आयनांची त्या बोळांतून कोंडी होते. जमीन दहा गुंठे असली तरी तीत शिरायला वाट नसेल तर तिचा उपयोग काय?

यावर उपाय म्हणून साचा आला. मूळ युक्ती धातुकारांची आहे, आणि ती आपल्या भूमीत फार जुनी आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याची कृती सविस्तर दिलेली आहे. त्याहून कितीतरी प्राचीन, १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत सापडलेला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ ही कांस्यशिल्पेही याच पद्धतीची मानली जातात. मेण जाते, त्याची जागा उरते, आणि त्या जागेचा आकार धातू घेतो. कार्बनाच्या बाबतीत फरक एवढाच की येथे साचा वितळून अगोदर जात नाही. तो कार्बन पक्का होईपर्यंत आत राहतो आणि मागाहून काढला जातो, आणि आपल्याला हवी असलेली वस्तू म्हणजे भरलेला भाग जितका, तितकीच साच्याने सोडलेली रिकामी जागा.

एडिंबरा विद्यापीठातील जॉन नॉक्स यांनी १९८०च्या दशकात सच्छिद्र सिलिकेच्या कणांत फिनॉलची राळ भरून, ती जाळून, सिलिका विरघळवून टाकून जो कार्बन काढला तो रासायनिक पृथक्करणाच्या नळ्यांतून आजही विकला जातो. १९९७मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातील क्योतानी आणि तोमिता यांनी साचा म्हणून झिओलाइट घेतले. झिओलाइट खानदेशाला परके नाही: दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जळगावपासून पुण्यापर्यंत त्याचे पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात आणि त्यांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत; प्रयोगशाळेत मात्र कृत्रिम जातीचे वापरतात. या स्फटिकांतील मार्ग एका नॅनोमीटरहूनही अरुंद, पण अणूअणूने आखलेले. त्यांत कार्बन भरून, झिओलाइट आम्लात विरघळवून जे उरते त्याचे क्षेत्रफळ पुढील सुधारणांनंतर ग्रॅमला चार हजार चौरस मीटरांच्या घरात गेले. चार हजार चौरस मीटर म्हणजे एक एकर.

आता साखरेकडे येतो, कारण या साऱ्या इतिहासात मला जो प्रयोग सर्वांत देखणा वाटतो तो साखरेचा आहे. १९९२मध्ये मोबिल या तेलकंपनीच्या संशोधकांनी साबणासारख्या द्रव्यांच्या साहाय्याने सिलिकेत सारख्या मापाच्या नळ्या पाडण्याची हिकमत शोधून काढली होती. १९९९ साली दक्षिण कोरियातील र्‍योंग र्‍यू यांनी त्या कुळातील एका सिलिकेत साध्या साखरेचा पाक भरला. त्याच वर्षी त्याच देशातील टेघ्वान ह्योन यांच्या प्रयोगशाळेत राळ वापरून तसाच प्रयोग स्वतंत्रपणे सिद्ध झाला, तेव्हा कल्पना हवेत होती असेच म्हणावे लागेल. पुढच्या वर्षी र्‍यू यांच्या मंडळीने जी कृती प्रसिद्ध केली ती एखाद्या पाकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल इतकी सुटसुटीत आहे. एक ग्रॅम सच्छिद्र सिलिका घ्यावी. सव्वा ग्रॅम साखर आणि ०.१४ ग्रॅम गंधकाम्ल पाच ग्रॅम पाण्यात कालवून ते तिला पाजावे. शंभर अंशांवर सहा तास आणि एकशेसाठ अंशांवर आणखी सहा तास ठेवावे. शाळेत साखरेवर तीव्र गंधकाम्ल ओतून काळा फुगवटा उठताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना आत काय चालले आहे ते समजेल: आम्ल साखरेतले पाणी ओढून घेते आणि कार्बन उघडा पडतो. परंतु साखरेच्या वजनात कार्बन फक्त बेचाळीस टक्के असल्यामुळे पहिल्या भरण्याने नळ्या अर्ध्यामुर्ध्याच भरतात. म्हणून तेच पुन्हा करायचे, या खेपेस ०.८ ग्रॅम साखर घेऊन. मग निर्वातात नऊशे अंशांपर्यंत तापवून कार्बन पक्का करायचा आणि शेवटी सिलिका विरघळवून टाकायची. हाती येते ती काळी भुकटी. तिचे क्षेत्रफळ ग्रॅमला सुमारे १५२० चौरस मीटर, म्हणजे पंधरा गुंठे, आणि छिद्रे सुमारे साडेचार नॅनोमीटरची, एकसारखी, मधमाशांच्या पोळ्याच्या भूमितीत मांडलेली.

यातील एक बारकावा मात्र घाईने ओलांडून जाण्यासारखा नाही. मोबिलने काढलेल्या सिलिकांपैकी जी सर्वांत साधी आणि सर्वांत प्रसिद्ध, एमसीएम-४१, तिच्यात षट्‌कोनी मांडणीच्या सरळ समांतर नळ्या असतात, आणि कोणाही विचारी माणसाने साचा म्हणून प्रथम तिचीच निवड केली असती. ती निवड फसते. नळ्या भरल्या जातात, कार्बनाच्या कांड्या तयार होतात, सिलिकाही विरघळते. पण त्या कांड्यांना एकमेकींशी बांधणारे काही नसल्यामुळे, मोळीचा बंध सुटावा तशा त्या कोसळून एकमेकींवर पडतात आणि सारी रचना विस्कटते. वरील कृतीत वापरलेल्या, कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथे १९९८ साली तयार झालेल्या एसबीए-१५ या सिलिकेतही नळ्या तशाच समांतर आहेत. परंतु तिच्या भिंतींना आणखी बारीक आडवी भोके असतात आणि साखरेचा पाक त्या भोकांतही शिरतो. भिंती विरघळल्या तरी त्या आडव्या भोकांतील कार्बनाचे पूल कांड्यांना जागच्या जागी तोलून धरतात. ज्या भोकांना मूळ सिलिकेचा दोष म्हटले असते, त्यांच्यामुळेच कार्बनाची इमारत उभी राहते. जेथे भिंत होती तेथे आता वाट आहे, आणि जेथे वाट होती तेथे भिंत.

या कोळशाचा उपयोग काय, हे थोडक्यात सांगून टाकतो. २००९ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नझार आणि सहकाऱ्यांनी याच साखरेच्या कार्बनात वितळलेले गंधक भरून लिथियम-गंधक विद्युत्‌घटाचा ध्रुव तयार केला. गंधक स्वस्त आणि भरपूर वीज साठवणारे, पण स्वतः विजेला वाट न देणारे आणि घटातील द्रवात झिरपून जाणारे असल्यामुळे त्याला अरुंद, वीजवाहक खोल्यांत डांबून ठेवण्याची गरज होती. वीज झटकन साठवून झटकन देणारी महाधारित्रे, इंधनघटांतील प्लॅटिनमचे कण पसरण्याची जागा, पाण्यातील मोठ्या रेणूंच्या रंगांचे शोषण, अशा इतर कामांची यादी लांबवता येईल, पण ती सर्वत्र सारखीच असते.

खरा पेच साचा भरण्यात नसून तो काढण्यात आहे, असे माझे मत हा विषय वाचता वाचता दृढ होत गेले. सिलिका सहजासहजी जात नाही. तिला एक तर हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाने घालवावे लागते, आणि हे आम्ल कातडीतून आत उतरून रक्तातले कॅल्शियम बांधून टाकणारे असल्यामुळे थोड्याशा शिंतोड्यानेही प्राणावर बेतू शकते; किंवा कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणाने, जे तुलनेने बरे, पण मागे दूषित पाणी ठेवणारे. शिवाय जो साचा इतक्या परिश्रमाने, महागड्या द्रव्यांनी घडवला तोच एका वापरात नष्ट करायचा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबी माणसाच्या पचनी पडण्याजोगा नाही. म्हणून अलीकडच्या संशोधनाचा मोठा भाग साच्याला सुखाने निरोप कसा द्यावा यात गुंतलेला दिसतो. जपानी संशोधकांनी मॅग्नेशियम ऑक्साइडचे कण वापरले, जे सौम्य आम्लातही जातात, आणि टोयो टान्सो या कंपनीने तो कार्बन विक्रीस आणला. जर्मनीत पॉट्सडॅम येथील माक्स प्लांक संस्थेत २०१३च्या सुमारास वितळलेल्या क्षारांचाच साचा करण्यात आला. कार्बन झाल्यावर नुसत्या पाण्याने धुतले की क्षार बाहेर, आणि धुवणाचे पाणी आटवले की क्षार पुन्हा हाती.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यात जी भर घातली ती मराठी वाचकास माहीत असावी. ही प्रयोगशाळा १९५०मध्ये सुरू झाली. झिओलाइटांच्या अभ्यासात तिचा लौकिक जुना आहे. तेथे प्रदीप पाचफुले, बिष्णू बिस्वाल आणि राहुल बॅनर्जी यांनी २०१२ साली धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जोडकामातून बनणारे, झिओलाइटाच्या घाटाचे स्फटिक साचा म्हणून वापरून सच्छिद्र कार्बन केला, आणि साच्याची रचना बदलली की कार्बनाच्या छिद्रांवर तिचा परिणाम कसा होतो ते दाखवले. अशा स्फटिकांतील धातू बहुधा जस्त असते, आणि जस्त ९०७ अंशांवर उकळते. तेव्हा भट्टी हजार अंशांपर्यंत नेली की साच्यातला धातू आपल्या पायांनी वाफ होऊन निघून जातो, त्याला आम्लाने हुसकावे लागत नाही. या स्फटिकांत कार्बनासाठी भरलेले द्रव्य फरफ्युरिल अल्कोहोल होते, आणि हे द्रव्य ज्या फरफ्युरलपासून निघते ते उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या बुरकुंड्यापासून काढतात. म्हणजे शहाद्याचा ऊस येथेही आलाच, साखरेच्या नव्हे तर चोयट्यांच्या वेषात.

दुसरे काम त्याच प्रयोगशाळेतील सतीशचंद्र ओगले यांच्या गटाचे, २०१३ सालचे, आणि ते मला अधिक मोह घालते. त्यांनी कडुनिंबाची वाळून गळालेली पाने दळून निष्क्रिय वायूत एकदाच भाजली. पोटॅश नाही, वाफ नाही, बाहेरचा साचा नाही. जो कार्बन मिळाला त्याचे क्षेत्रफळ ग्रॅमला सुमारे १२३० चौरस मीटर, म्हणजे बारा गुंठे, आणि महाधारित्रात तो उत्तम ठरला. पानात मुळातच विखुरलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या खनिजांचा हात या छिद्रांमागे असल्याचे दिसते. झाडाने आपल्या कामासाठी मातीतून ओढून घेतलेले द्रव्यच येथे साच्याचे काम करते. तो कोणी घडवला नाही, म्हणून त्याची किंमतही कोणाला द्यावी लागली नाही.

भाताचे तूस याच जातीचे आहे, किंबहुना याहून सरस आहे. भाताचे रोप जमिनीच्या पाण्यातील विरघळलेली सिलिका मुळांनी शोषते आणि ती पाने, देठ आणि सर्वांत अधिक तुसात नेऊन साठवते. उसाच्या पात्याने तोडणी करणाऱ्याचे हात कापतात त्यामागेही हीच सिलिका असते. तुसाचा एक कण भिंगाखाली धरला तर बाहेरच्या अंगावर नांगरलेल्या सरींसारख्या ओळींत मांडलेले बारीक उंचवटे दिसतात. सिलिका मुख्यतः याच बाहेरच्या कातडीत असते, आतले अंग गुळगुळीत आणि मऊ. असे तूस झाकण घट्ट बसवलेल्या भांड्यात भाजले तर ते काळे होते, पण आकार सोडत नाही. बोटांत धरले तर होडीसारखा बाक जसाच्या तसा. आता झाकण काढून तेच उघड्या आचेवर ठेवले तर काळेपण हळूहळू ओसरते, आधी करडे, मग पांढरे होते, आणि कार्बन पूर्ण जळून गेल्यावरही त्याच बाकाचा, त्याच सरींचा, फुंकर मारली तर उडून जाईल असा पांढरा सांगाडा शिल्लक राहतो. साचा होता तो हाच. तुसाच्या राखुंडीने दात घासणाऱ्या जुन्या पिढीला ही सिलिका दातांवर करकरलेली आठवत असेल.

हिशेब असा: एक क्विंटल भात भरडला की सुमारे वीस किलो तूस निघते, ते जाळले की चार किलोच्या आसपास राख, आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांहून अधिक सिलिका. कार्बन हवा असेल तर मात्र राखेपर्यंत जायचे नाही. झाकलेल्या भांड्यातील काळा टप्पा गाठून थांबायचे आणि तो कोळसा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळायचा. सिलिका सोडियम सिलिकेट होऊन द्रावणात उतरते, आणि कार्बनात तिची जागा मोकळी होते. येथे आच सांभाळण्याला फार महत्त्व आहे. सौम्य आचेवर सिलिका अस्फटिक राहते आणि सोड्यात झटपट विरघळते. आठशे-नऊशे अंशांच्या पुढे ती स्फटिकरूप होऊ लागली की तिचा हट्ट वाढतो. उरलेले द्रावणही फेकण्यासारखे नसते. त्यात आम्ल घातले की शुभ्र, बारीक सिलिका खाली बसते. तिच्यापासून प्रयोगशाळांनी एसबीए-१५सारखे साचेही बनवले आहेत, आणि गुडइयर ही टायर बनवणारी कंपनी गेल्या दशकापासून तुसाच्या राखेतील सिलिका आपल्या टायरांत घालते आहे.

एवढ्यावरून नवापुरात उद्या साचेबद्ध कार्बनाचा कारखाना उभारावा असा निष्कर्ष कोणी काढू नये. तुसातील सिलिका भूमितीच्या शिस्तीने मांडलेली नाही. तिने सोडलेली छिद्रे लहानमोठी, अनियमित असतात, आणि साडेचार नॅनोमीटरच्या एकसारख्या नळ्यांशी त्यांची बरोबरी करणे हे औदार्य होईल. त्यांना पुन्हा पोटॅशने पोखरून क्षेत्रफळ वाढवतात ते खरे, पण मग आपण फिरून जुन्या वाटेवरच आलो. कॉस्टिक सोडा विकत घ्यावा लागतो, धुण्याला पाणी लागते, आणि उन्हाळ्यात अक्राणी महालातल्या पाड्यांवर हंड्यासाठी मैल मैल चालणाऱ्या बायका ज्या जिल्ह्यात आहेत, त्यात क्षाराचे धुवण कोठे सोडणार हा प्रश्न रसायनशास्त्राचा राहत नाही. प्रयोगशाळेतल्या एका ग्रॅमची कीर्ती आणि कारखान्यातल्या एका टनाचा जमाखर्च या दोन वेगळ्या विद्या आहेत. मला विचाराल तर साखरेच्या कार्बनाचे देखणेपण ज्ञानाकरिता आणि मोलाच्या थोड्या कामांकरिता राखावे, आणि पाणी गाळण्यासारख्या रोजच्या, स्वस्त कामांसाठी तुसाकडे पाहावे. तेही सोड्याचे द्रावण आणि त्यातील सिलिका परत मिळवण्याची सोय आधी झाली असेल तरच.

आणि तुसाला आधीपासून हक्कदार आहेत. गिरण्यांचे बॉयलर ते जाळतात, वीटभट्ट्या मागतात, आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली अंथरायला त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे; फेब्रुवारी २००६मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू तेथेच आढळला आणि लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, त्यानंतरही तो धंदा तेथे पुन्हा उभा राहिला. तेव्हा कार्बन काढू इच्छिणाऱ्याला पहिला सौदा गिरणीवाल्याशी, तुसाच्या भावाचा, आणि तोही पोल्ट्रीवाल्याच्या बोलीवर चढून करावा लागेल.